पासपोर्टवाल्याच्या मामाचं गाव

सन दोन हजार चोवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि माझ्या रोह्याच्या व्याह्यांइतका संशयी माणूस मी तोवर दुसरा पाहिला नव्हता. अजूनही नाही. ज्याचं गाव, सोयरीक आणि मामाचं घर ठाऊक नाही तो माणूस त्यांच्या लेखी जन्मलेलाच नसतो. गॅसचा नवा माणूस आला तर सिलिंडर दारात आणि माणूस उन्हात. त्याची आजी नागोठण्याची निघाली तेव्हा कुठं फाटक उघडलं, आणि मग मात्र त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. एकदा धाटावच्या कारखान्याची शिफ्ट सुटल्यावर एका कामगारानं त्यांच्या स्कूटरवर मागे बसू का, असं विचारलं. ह्यांची चौकशी पुरी होईपर्यंत मागची बस आली आणि तो बिचारा तिच्यात बसून घरी गेला. आमच्या मुलासाठी त्यांची मुलगी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी ना शेत विचारलं ना मुलाचा पगार. आमच्या तीन पिढ्यांचे सोयरे विचारत बसले आणि पोहे पुढ्यात निवून गेले. मी चौथी शिकलेला असेन, पण असल्या उलटतपासणीला भिणारा नाही. मीही त्यांचे सोयरे विचारले, एक पिढी जास्तच. तेव्हापासून आमचं जमलं.

मुलगा आणि सून मस्कतला असतात. तिथं नातू झाला आणि सुनेनं कळवलं, बाबा, तुम्ही आल्याशिवाय बारसं करायचं नाही. माझ्या पासपोर्टची मुदत तर कधीच संपलेली. मुलगा म्हणाला, मी इथून करतो. मी म्हटलं, माझा पासपोर्ट माझा मी करीन. मोबाईलला ‘पासपोर्ट’ म्हणून सांगितलं आणि जे पहिलं वर आलं ते दाबलं. तिरंगा होता, सिंह होते, आणखी काय बघायचं असतं? नाव, पत्ता, बँकेच्या कार्डाचा नंबर, सगळं भरून मोकळा झालो.

त्याच सकाळी व्याही कडवे वाल घेऊन पेणला आमच्याकडे आले होते. ओट्यावर चहा चालला होता, तेवढ्यात फोन वाजला. माणूस बोलायला गोड. म्हणाला, पासपोर्ट ऑफिसातून बोलतोय, तुमची फाईल आज बंद होईल, आत्ताच्या आत्ता फी कापून घेतो, मोबाईलवर नंबर आलाय तो वाचून दाखवा. त्या खात्यात मस्कतच्या तिकिटासाठी साठवलेले पैसे होते. मी चष्मा शोधू लागलो आणि व्याह्यांनी माझ्या हातातला फोन घेतला.

“गाव कंचा तुमचा?”

“सर, मी ऑफिसमधून बोलतोय.”

“ते कामाचं ठिकाण झालं. गाव इचारतोय.”

“पेण, सर.” माझा पत्ता त्याच्यासमोरच असणार.

“अरे वा. रामवाडीच्या अलीकडं का पलीकडं?”

“अलीकडे. सर, नंबर सांगा ना लवकर.”

“सांगतो, पळून जात नाय मी. मामाचा गाव कंचा? का मामा पण ऑफिसातच ऱ्हातो?”

फोन कट.

मी भयंकर तापलो. सरकारी माणसाचा अपमान केलात, आता नातू मला फोटोतच दिसायचा, असं बरंच बोललो. व्याह्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “उभ्या जन्मात सरकारला आपल्यासाठी घाई झालेली मी बघितली नाय. तुम्ही बघितलीत?”

मी चपला घातल्या, आणि आम्ही दोघं बाजारातल्या ई-सेवा केंद्रात गेलो. तिथल्या ताईलाही ह्यांनी आधी माहेर विचारलं. ती हसून सांगती झाली. मग तिनं बँकेत फोन लावून माझं कार्ड बंद करवलं. म्हणाली, पहिलं वर येतं ती जाहिरात असते. खऱ्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी gov.in असतं, फी तिथंच भरायची, आणि मेसेजमध्ये आलेला नंबर फोनवर कुणी मागितला तर तो चोर समजायचा. मग तिनं माझा अर्ज भरला, ठाण्याच्या पासपोर्ट केंद्राची तारीख मिळवून दिली आणि व्याह्यांना विचारलं, “काका, तुमचा पासपोर्ट?”

“नाय काढला. बोटांचे ठसे अनोळखी माणसाला कोण देतो?”

मी त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला गेलो. गाडीत चढताना पायरीवर थांबले. “व्याही, तिथं गेल्यावर पोरगी वाळली असंल तर मला खरं सांगा. रोज फोनात दिसते, हसते. पण फोनात सगळीच बरी दिसतात.”

गाडी गेली. घरी येऊन मी नीट जेवलो नाही. पाच वर्षं ते मुलीला फोनच्या काचेतच बघत होते, आणि काचेवर त्यांचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी रोह्याला गेलो. ते अंगणात दात घासत होते. म्हटलं, “आधारकार्ड घ्या आणि चांगला सदरा घाला, ताईकडं जायचंय. बोटं मी धरतो तुमची, मग तर झालं?” आणि ओट्यावर बसून राहिलो. ते चूळ भरून आत गेले. मग आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला.