न ताणलेली तार

तार सहा मिलिमीटर लांब आहे, मधोमध तुटलेली. टोकं स्वच्छ, चकचकीत. वेटोळी जशीच्या तशी, एकसारख्या अंतरावर. शलाका भिंगातून पुन्हा एकदा पाहते आणि ब्रेकलाइटचा तो चिमुकला दिवा कापसात गुंडाळून कुड्यांच्या डबीत ठेवते.

गाड्यांच्या धडका अभ्यासण्यात तिची वीस वर्षं गेली आहेत. ब्रेक दाबलेला असला की दिवा पेटलेला असतो. पेटलेली तार मऊ असते. धडकेच्या हिसक्याने ती ओढली जाते, विस्कटते. थंड तार काडीसारखी मोडते. ही मोडली आहे. म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, श्रीरंगने, समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळून गेला तेव्हा ब्रेक दाबलेलाच नव्हता. पोलीस ठाण्याच्या आवारातल्या चेपलेल्या मोटारीतून त्याचं सामान आणायला गेली, तेव्हा तिने हा दिवा गुपचूप काढून आणला. त्याला चौदा महिने झाले. उद्या ट्रकचालक गहिनीनाथ खरातच्या खटल्याची तारीख आहे. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगतोय, मोटार माझ्या अंगावर आली. त्याचं कुणी ऐकत नाही.

दुपारचे तीन. स्वयंपाकघरात आई मटार सोलतेय. डबी उशाशी ठेवून शलाका आडवी होते. पंख्याची पाती आधी तीन दिसतात, मग त्यांची एक तबकडी होते, मग तबकडीही विरत जाते.

"पट्टा लाव, ताई."

ती चाचणीच्या शेडमध्ये आहे. मोटार रुळावर, समोर काँक्रीटची भिंत. चालकाच्या जागी एरवी माणसाच्या मापाचा पुतळा असतो, तिथे श्रीरंग, तिचा रंगा, बसलाय. पुतळ्याला लावतात तसली काळी-पिवळी चकती त्याच्या कानशिलावर.

"हे काय चिकटवलंयस? कॅरमची सोंगटी दिसतोय मी."

"हलू नकोस. मोजायचंय."

"मोजून तर केव्हाच झालंय तुझं. डबीत ठेवलंस ना?"

ती शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावते. "आणि तुझा?"

"मला गुदमरतं त्यात."

भिंत आता भिंत नाही, दोन्हीकडे ऊस असलेला रस्ता आहे. वेग शंभर. सेकंदाला अठ्ठावीस मीटर. मागच्या सीटवर आई मांडीवर ताट घेऊन मटार सोलतेय.

"ब्रेक मारला असेल ना गं त्याने?" आई विचारते, चौदा महिने रोज विचारते तसंच.

"हो, आई." चौदा महिने रोज म्हणते तसंच.

रंगा खो खो हसतो. त्याचे डोळे मिटलेले आहेत.

"रंगा, डोळे उघड!"

"झोप लागलीय गं. लहानपणी कशी तोंडावर तांब्या ओतून उठवायचीस. ऐक, तो हॉर्न. केव्हाचा वाजवतोय बिचारा."

मोटार पांढरी रेघ ओलांडून अलगद पलीकडे सरकते. समोर ट्रक. काचेआड खरात सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा आहे. त्याचं तोंड उघडं, टायरांतून धूर. रंगाची चप्पल ॲक्सिलरेटरवर सैल पडलेली.

"दिवा आधीच उडालेला असेल," शलाका किंचाळते.

"उडालेल्या तारेच्या टोकाला वितळलेला थेंब असतो. आहे का थेंब?"

"नाही."

मग धडक. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण इथे तो संपतच नाही. बॉनेट वर्तमानपत्रासारखं चुरगळतं, इंजिन आत घुसतं. ही पोलादाची धडक, पहिली. गाडी थांबते, आतलं कुणी थांबत नाही. मटारचे दाणे छऱ्यांसारखे सुटून काच फोडतात. ताट भिरभिरत येऊन रंगाचा कान कापून नेतं. त्याची छाती स्टिअरिंगवर आदळते आणि बरगड्या ओल्या फांद्यांसारख्या कडाकडा मोडतात. ही दुसरी. अंग थांबतं, पण आतलं काळीज अजून शंभरच्या वेगात असतं. ते पुढे झेपावून बरगड्यांवर आपटतं आणि मोठी रक्तवाहिनी मुळापासून फाटते.

"मी तिसरीने गेलो," पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं, रक्त थुंकत तो सांगतो. "दुखायच्या आत. तो खरात मात्र अजून आदळतोच आहे. ताई, त्याचे दिवे पेटलेले होते."

शलाका ओरडत उठून बसते. वर पंखा फिरतोय. दारात आई, बोटांना मटाराची हिरवी सालं.

"काय झालं, शलू? आणि अगं, हे काय लागलंय?"

डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेकडे एक तिरका, लालभडक वळ उठला आहे. शलाका बोटांनी त्याची रुंदी मोजते. पाच सेंटिमीटरला जरा कमी. चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. शेजारी बसणाऱ्याचा असा.

"लावायला काही आणू का?"

"नको. बस इथे."

आई बसते. शलाका उशाजवळची डबी घेऊन तिच्या हिरव्या, ओल्या हातात ठेवते.

"रंगाने ब्रेक मारला नव्हता, आई. त्याला झोप लागली होती. मी तुझ्याशी खोटं बोलले. उद्या हा दिवा घेऊन मी कोर्टात उभी राहणार आहे, खरातच्या बाजूने."