अक्काची पिशवीभर भांडी

धुळ्याहून आतेभावाचा फोन आला. “अक्का गेली. झोपेतच… काही त्रास नाही.” मी रडलो आणि मग, खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. अक्का म्हणजे माझी सख्खी आत्या. एक्क्याऐंशीव्या वर्षी निव्वळ म्हातारपणानं गेली. आमच्या घराण्यात ही नवलाईच!

तेरा-चौदा वर्षांपूर्वी, मी छत्तिशीत असताना, शौचाला रक्त पडू लागलं. आमच्या घरात सगळ्यांनाच मूळव्याध, म्हणून मीही वडिलांसारखा सुरण खायचो, ताक प्यायचो आणि गप्प बसायचो. बायकोनं गुपचूप अक्काला पत्र टाकलं. तिसऱ्या दिवशी अक्का एस.टी.नं जळगावात हजर, हातात खणखणणारी पिशवी. मला धरूनच तिनं दवाखान्यात नेलं. कंपाउंडर म्हणाला, “मावशी, भांड्यांची मोड विकायची तर बाहेर बसा.”

“मोड नही शे भाऊ, हाई मनं माहेर शे!”

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला पोटाचा मोठा आजार? मी म्हणालो, छे, नुसती मूळव्याध. तोच अक्कानं पिशवी टेबलावर रिकामी केली. आमच्याकडे माणूस गेला की तेराव्याला त्याच्या नावाचं भांडं नातलगांना वाटतात. अक्का एकेक उचलून दाखवू लागली. तांब्या तिच्या वडिलांचा, पंचेचाळिशीत गेले. ताट मोठ्या काकांचं, बेचाळीस. डबा माझ्या वडिलांचा, एकोणचाळीस. मग सगळ्यांवरून हात फिरवत ती म्हणाली, “बठ्ठास्ले मूळव्याधच सांगेल व्हती. डॉक्टर, मूळव्याधमा इतला मानसे मरतस का?”

डॉक्टर हसले नाहीत. कागद घेऊन, अक्काला पुन्हा एकेक नाव विचारत त्यांनी वंशावळ काढली आणि मला मुंबईला धाडलं. आतड्यात गाठ निघाली, वेळेत निघाली. हे रक्तातूनच येतं, भावांनाही त्रास होण्याआधी तपासा, असं तिथं सांगितलं. भाऊ लाजू लागले, तेव्हा अक्कानं आधी स्वतःची दुर्बिणीची तपासणी करून घेतली. तिला काही निघालं नाही. धाकट्याच्या आतड्यातल्या बारक्या गाठी मात्र तिथल्या तिथं काढल्या. पुढे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत, जिलबी हातात धरून, ती त्या तपासणीचं साग्रसंगीत वर्णन करायची. पोरं ताटावरून पळायची आणि नंतर मुकाट्यानं तपासून यायची.

बरा होऊन मी धुळ्याला गेलो, तर मांडणीवर वडिलांच्या डब्याशेजारी एक जागा रिकामी. “तुनासाठे ठेयेल व्हती,” ती म्हणाली. अक्का हसली, डोळे पुसले आणि तिथं लोणच्याची बरणी ठेवली.

तिच्या तेराव्याला आम्हाला तांब्या मिळाला. नावाखाली ठळक अक्षरांत ‘वय ८१’ घालायचं, हे तिनं मुलाला आधीच बजावलं होतं. आता दुर्बीण जळगावातच आली आहे. उद्या माझ्या लेकीची पहिली तपासणी. पोट साफ व्हायला आज औषधाचं पाणी प्यायचंय, तेही चार तांबे. पहिल्याच घोटाला तिनं तोंड वाकडं केलं. मग तांब्यावरचा आकडा वाचला… आणि गटागटा पिऊन टाकलं.