मशीनची चमक

घरच्या सुतारकामासाठी हवेचा कॉम्प्रेसर पाहायला मी चांद्याच्या जुन्या यंत्रांच्या दुकानात गेलो होतो. सागवानी कपाटांना फवाऱ्यानं पॉलिश मारायचं वेड तेव्हा सगळ्यांनाच लागलं होतं. तिथं एक माणूस आधीच उभा होता. हातानं पॉलिश घासून घासून त्याच्या बोटांत लाखेचा तांबूस रंग मुरला होता. दुकानदार एकेक यंत्र सुरू करून फळीवर फवारा मारी आणि हा मान वाकडी करून फळी उजेडात बघे. एक यंत्र त्यानं नाकारलं. "हा थुंकते," फळीवरचे टपोरे थेंब दाखवत म्हणाला. दुसरं पसंत केलं.

"तुमीच चालवणार का?" मी विचारलं.

"नाई भाऊ. आमचा फर्निचरवाला मालक म्हणे, पालिश तुले समजते, चांगला पाहून आण. चालवाले नागपूरचा माणूस ठेवला हाये. मले पोळ्यापासून येऊ नको म्हटलं."

ज्याच्या पोटावर पाय द्यायचा, त्याच्याकडूनच जोडा पसंत करून घ्यायचा, अशी ही मालक मंडळी!

"मग चांगला काऊन निवडून राह्यले?"

"खराब काऊन निवडू?"

बोलता बोलता सवयीनं त्यानं ओल्या फळीवर बोट टेकवलं. डाग उठला. दुकानदार खेकसला. त्यानं खिशातला कापडाचा बोळा काढला, पॉलिशमध्ये बुडवला आणि डाग जाईपर्यंत गोल गोल घासत राहिला. मग निघून गेला.

ती फळी दुकानदारानं दर्शनी भागात टांगली. पुढं मी कधीही गेलो, तर नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवून तो गिऱ्हाइकाला सांगत असे, "चमक पाहा मशीनची!"