पहिल्या नंबरचं गाणं

तुझ्ला शहराच्या बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसणारा नियाझ समोरच्या कॅफेत शिरला, की कोणीतरी हटकून विचारायचं, "काय रे, सातव्या नंबरावर कोण सध्या?" आणि नियाझ अगदी गंभीरपणे सांगायचा. त्याच्या आवडत्या दहा गाण्यांची क्रमवारी सगळ्या कॅफेला पाठ होती. एखादं गाणं घसरलं की वाद पेटायचे. त्याचा मित्र रासिम तर एकदा तिसऱ्या गाण्यावरून रुसून बाहेर जाऊन उभा राहिला होता. पहिला नंबर मात्र कधी हलला नाही. प्रेद्राग वुलिननं गायलेलं, नावाड्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. नियाझ आणि त्याची बायको शेम्सा आपल्या लग्नात त्याच गाण्यावर नाचले होते. नियाझनं तिच्या पायावर पाय दिला होता, आणि गाणं संपेपर्यंत ती हसत होती.

मग लढाई आली. भोवतीच्या डोंगरांवर शहराकडे तोंड करून तोफा लागल्या, आणि टीव्हीवर वुलिन दिसला. लष्करी कोट घालून, तोफांवरच्या शिपायांच्या गळ्यात हात टाकून तो गात होता. त्याच हिवाळ्यात पाण्याच्या रांगेवर गोळा पडला. नियाझच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हातिजाचा मुलगा अद्नान त्यात गेला. रासिमचा पाय गेला.

नियाझनं वुलिनची कॅसेट फोडली नाही. कपाटात चादरींखाली ढकलून दिली. लढाई संपल्यावर कॅफेत पुन्हा क्रमवारीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्यापासून सांगतो." पहिलं कुठलं, हे कोणी विचारलं नाही.

वर्षं गेली. शेम्साची आठवण विरत चालली. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, शेवटी नियाझ. "अहो साहेब," ती म्हणायची, "आमचे हे बसस्थानकावर असतात. त्यांना निरोप द्याल का?"

"देतो हं," नियाझ म्हणायचा, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहायचा.

एकदा वाटाणे सोलता सोलता ती गुणगुणायला लागली. तेच गाणं. "पुढचं आठवत नाही हो," ती कळवळून म्हणाली. "लावा ना."

नियाझनं खिडक्या लावल्या, कॅसेट काढली, आवाज अगदी बारीक ठेवला. वुलिन गाऊ लागला तशी त्याला किळस आली. अंगावर काटाही आला, पूर्वीसारखाच. त्या गळ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं, याचाच त्याला जास्त संताप आला. तेवढ्यात शेम्सानं हात पुढे केला.

"नियाझ, ये की. पाय मात्र सांभाळ."

दुसऱ्या दिवशी हातिजा दारात उभी. "काल काय लावलं होतंस?"

"तेच, ताई."

"मला वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय."

"ती मला ओळखते. गाणं वाजतं तेवढा वेळच, पण ओळखते."

हातिजानं त्याच्या खांद्यावरून आत, शेम्साकडे पाहिलं. "माझा अद्नान हिच्या हातची पिटा खाऊन मोठा झाला," ती म्हणाली. "मला माफबिफ करायला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"लावायच्या आधी वर येऊन दार वाजव. मी बाजारात जाईन."

तसंच चालू झालं. नियाझ दार वाजवायचा, हातिजा डोक्याला रुमाल बांधून, दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरायची. बर्फ पडत असला की त्याचा हात दारापर्यंत जाऊन मागे यायचा. त्या दिवशी मग तो दिवसभर 'साहेब'च राहायचा.

वसंतात शेम्सा गेली. हातिजा प्रार्थनेला बायकांत बसली, रडली.

पुढे कॅफेत नियाझ कोणी न विचारताच म्हणाला, "पहिल्या नंबरावर वुलिनचंच आहे. होतंच."

रासिमनं कप खाली ठेवला. "गप्प तरी बसायचंस."

"इतकी वर्षं बसलोच की."

रासिम कुबडी घेऊन निघून गेला.

ही गोष्ट हातिजापर्यंत पोचलीच. जिन्यात तिनं नियाझला अडवलं. "रासिमकडे जाऊन ये."

"काय सांगू त्याला?"

"काही सांगू नकोस. जाऊन ये."

तो गेला. बेल वाजवली. आत फुटबॉलची मॅच चालू होती. तिचा आवाज थोडा मोठा झाला. दार उघडलं नाही. नियाझ तिथेच पायरीवर बसला आणि मॅच संपेपर्यंत बसून राहिला.