राजाची तब्येत

पाखरांच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक राळ्याची टरफलं आणि दुसरे किस्से. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच!

पनवेलच्या बाजारात माझं हे छोटंसं दुकान. पिंजरे, राळा, बाजरी, समुद्रफेस आणि व्हिटॅमिनचे ड्रॉप्स. पोपट पाळायला कायद्याने बंदी, म्हणून तेव्हा घरोघरी लव्हबर्ड्सचं फॅड आलं होतं. कुठल्या पाखराला कुठलं तेल, किती थेंब, हे मलाही धड कळत नव्हतं. माल देणारा सेल्समन जे सांगून जाई तेच मी गिऱ्हाइकाला सांगे. पुढचं देवाच्या हवाली!

*

एक वहिनी व्हिटॅमिनची बाटली घेऊन गेल्या आणि पंधरवड्यात परत आल्या. म्हणे, "संपली, दुसरी द्या."

मी चक्रावलो. दोन चिमुकली पाखरं! ती बाटली वर्षभर पुरायला हवी.

"अहो भाऊ, बाटलीवरच लिहिलंय, एक लिटर पाण्यात पाच थेंब. आता ती पाखरं काय लिटरभर पाणी पिणार आहेत? उरलेलं ओतून थोडंच द्यायचं? मी त्यात भात लावते, आमटी करते. यांना चहासुद्धा त्याच पाण्याचा!"

"आणि पाखरं काय म्हणतायत?"

"त्यांना मी साधंच पाणी देते. त्यांना तो वास आवडत नाही!"

*

आता एस्तेरबाई. शाळेत मला गणित त्यांनीच शिकवलं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं कुटुंब, जन्म पनवेलचा, नोकरी पनवेलची. भाऊबंद एकेक करून इस्रायलला गेले, मुलगी रीनाही तिकडेच स्थायिक झाली. यजमान वारल्यावर घरात बाई आणि त्यांचा कॉकटील, म्हणजे पोपटाच्याच जातीचं एक छोटं पाखरू. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका, नाव राजा.

एका रविवारी बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "विलास, राजा बरा नाही रे. पिसं गळतायत, खात नाही, शीळ तर बंदच. आणि रीना म्हणते, आई, आता कायमची इकडे ये."

"मग?"

"आजारी पाखरू कुणाच्या गळ्यात कसं घालू? तो बरा झाला की तुझ्याकडे ठेवते आणि मी निघते."

मी म्हटलं, पाखराला घेऊन या, बघतो. तर म्हणाल्या, रिक्षाच्या आवाजाला घाबरतो. मी येतो म्हटलं, तर अनोळखी माणसालाही घाबरतो. मी मुकाट्याने एक बाटली काढून दिली. पुढच्या रविवारी बाई परत हजर.

"पिसं थोडी आली. पण आता झोपत नाही!"

पाखरू न बघता औषध देत होतो, त्यामुळे माझीही झोप उडाली होती. बाईंसाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटत होतं. म्हातारपणी लेकीजवळ जाणारं माणूस एका पाखरापायी अडकून पडलंय!

*

रविवारी दुकानात आमचं मंडळ जमायचं. त्यातले जनादादा उरणचे कोळी. होडी भावाकडे, स्वतः द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात. त्यांच्याकडे लव्हबर्ड्सच्या चार जोड्या. पाखरांना माशाचं तेल चांगलं, असं मी एकदा बोलून गेलो. म्हणजे दुकानात मिळतं ते, थेंबभर. जनादादांनी घरी होडीला लावायचं मुशी माशाच्या काळजाचं तेल होतं ते उचललं आणि सगळ्या दाण्यांना चोळलं!

आठवड्याने मी विचारलं, "काय जनादादा, फरक पडला?"

"पाखरांचा काय कलला नाय शेठ. पन आलीतली सगली मांजरा माज्या पिंजऱ्याखाली बसल्यान. उठाचा नाव नाय!"

*

तरीही जनादादा बाईंसाठी त्याच तेलाची बाटली घेऊन आले. त्यांचा जीव मोठा.

बाईंनी झाकण न उघडताच विचारलं, "कुठल्या माशाचं?"

"मुशीचा, बाई. लय ताकदीचा."

"मुशीला खवलं असतात का?"

"नाय बा. मुशीला कुठली खवला?"

"मग नाही चालणार. बिनखवल्यांचा मासा आमच्याकडे खात नाहीत."

जनादादा पार गोंधळले. "पन बाई, तुमाला कुठं खायाचाय? त्यो राजाला हाय!"

"राजा माझ्याच घरात राहतो ना?"

जनादादांनी माझ्याकडे पाहिलं, मी जनादादांकडे. शेवटी त्यांनी बाटली पिशवीत परत ठेवली आणि हळूच म्हणाले, "शेठ, पाखरांना पन धरम असतंय, ह्या आपल्याला कोनी सांगलाच नाय!"

*

मंडळातले तिसरे इक्बालभाई. कबूतरांचे शौकीन. त्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास, बदामाचं तेल. "विलासभाई, इन्सान हो या परिंदा, ताकत बदाम में है!" असं म्हणून ते कबुतरांच्या चण्यांना रोज तेल लावायचे. त्यांचा एक लाडका नर होता, सुलतान. खाऊन खाऊन तो असा गुबगुबीत झाला की छपरावरून खाली बघायचा आणि परत बसायचा.

एकदा शर्यतीच्या सरावासाठी इक्बालभाईंनी सगळी कबुतरं पळस्पे फाट्यावर नेऊन सोडली आणि स्वतः घाईघाईने घरी येऊन गच्चीवर उभे राहिले. आकाशात एकही पाखरू दिसेना. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. सुलतान फाट्यावरच बसून राहिला होता. ओळखीच्या रिक्षावाल्याने त्याच्या पायातली कडी ओळखली आणि त्याला मागच्या सीटवर बसवून आणलं!

बाकीची कबुतरं नंतर आली. आम्ही पोट धरून हसत होतो.

इक्बालभाई मात्र गंभीरपणे म्हणाले, "हसताय काय? पहिला कोण आला ते सांगा!"

*

बाईंच्या राजाला बदामाचं तेल झालं, गव्हाच्या अंकुराचं झालं, खोबरेल झालं. प्रत्येक रविवारी एक दुखणं बरं होई आणि नवं निघे. तुरा उभा राहिला, तर डोळा पाणावला. डोळा बरा झाला, तर पाय लंगडा. मी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते गाईम्हशींचे. म्हणाले, "पाखरू चारा खातंय का?" मी तसाच परत फिरलो.

मग सायबर कॅफेत जाऊन बसलो. एका पानावर लिहिलेलं, तेलाशिवाय पाखरू जगत नाही. दुसऱ्यावर, तेलानेच पाखरू मरतं. तिसरं म्हणे, व्हिटॅमिन पाण्यातून द्या. चौथं म्हणे, पाण्यातून दिलंत तर पाणी नासतं, खबरदार! पाचव्या पानावर एक बाई तिच्या पोपटाला रोज कोवळ्या उन्हात बसवून गाणं ऐकवत होती, आणि तो ठणठणीत होता. मी सगळं वाचून इतका गोंधळलो, की घरी येऊन नुसता बसून राहिलो.

बायकोने विचारलं, "काय झालं?"

म्हटलं, "राजाच्या पायाबद्दल वाचत होतो."

"बरं," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्याबद्दल कधी वाचणार?"

*

शेवटी रीनाने तिकिटाचं विचारायला सुरुवात केली. बाई दुकानात आल्या त्या रडवेल्या होऊन. "विलास, काल तर दाणाही घेतला नाही रे त्याने."

माझ्याने राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, जनादादा आणि इक्बालभाई न कळवताच बाईंच्या घरी निघालो. पाखरू गेलंच तर बाईंना काय सांगायचं, हेच वाटेत प्रत्येकाच्या मनात.

जिन्यातच शीळ ऐकू आली. एकदम खणखणीत, लांबलचक!

दार उघडंच होतं. बाई पाठमोऱ्या बसून फोनवर बोलत होत्या आणि त्यांच्या खांद्यावर राजा. पिसं तुकतुकीत, तुरा ताठ, अंगाने सुलतानच्या तोडीस तोड. समोरच्या फळीवर माझ्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. एकीचंही सील फोडलेलं नव्हतं.

"नाही गं रीना," बाई सांगत होत्या, "मान टाकून बसलाय बिचारा." आणि राजा त्यांच्या हातातला शेंगदाणा खात होता.

मग बाई वळल्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. फोनमध्ये म्हणाल्या, "हा बघ, विलासच आलाय. त्यालाच विचार." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"विलासदादा, खरं सांगा," रीना तिकडून म्हणाली, "राजा कसा आहे?"

मी बाईंकडे पाहिलं. ज्या बाईंसमोर अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या आता गृहपाठ न केलेल्या पोरासारख्या माझ्याकडे बघत होत्या.

म्हटलं, "सुधारणा आहे. पण इतक्यात कुणाच्या हवाली करण्यासारखा नाही."

नेमकी तेव्हाच राजाने कानठळ्या बसतील अशी शीळ घातली.

"मग मागे हे कोण ओरडतंय?"

जनादादा पंख्याकडे बघायला लागले. इक्बालभाईंनी रुमाल काढला.

"ते... ते दुसरं पाखरू!" मी म्हणालो. "राजाला सोबत म्हणून मीच दिलंय."

बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या,

"हो गं. आणि त्याचीही तब्येत तशी नाजूकच आहे!"