भिंतीतली कोरडी ओल

आधीच सांगते, मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि आमच्या घरात देवाला दिवासुद्धा नवरा लावतो. भुताखेताचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे असलं काही लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

राहते डोंबिवलीला. काम — बिल्डिंगमधलं लीकेज शोधणं. थर्मल कॅमेऱ्याने भिंत न फोडता कळतं. ओली जागा आजूबाजूपेक्षा थंड असते, स्क्रीनवर निळी दिसते. बस, इतकंच.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याच्या कोलशेतचं एक काम आलेलं. खाडीच्या बाजूची सात मजली बिल्डिंग. जमीन मूळ तिथल्याच एका कुटुंबाची, म्हणून बिल्डरने दोघा भावांना एकावर एक फ्लॅट दिलेले. चौथ्यावर मोठा भाऊ धनाजी. तिसऱ्यावर धाकट्याची बायको वनिता, धाकटा वारलेला. वनिताचं म्हणणं, बेडरूमची भिंत गारढोण पडते, म्हणजे वरून पाणी येतंय आणि थोरला दीर ते मुद्दाम करतोय. दोघांचं बोलणं बंद, एकदा पोलीसही येऊन गेलेले. माझा रिपोर्ट हातात आला की ती कोर्टात जाणार होती.

भर दुपारी पोचले. दार उघडल्या उघडल्या वनिता म्हणाली, "त्याच्या बाथरूममधून येतंय, असंच लिहा. दुसरं काय लिहायला बोलावलं नाय तुम्हाला."

मी कॅमेरा लावला आणि फोटो काढायला लागले. भिंतीवर निळा डाग होता... पण खालून. जमिनीपासून कमरेएवढा. वरून गळणारं पाणी असं दिसत नाही. ओल मोजायचं मीटर टेकवलं तर भिंत कोरडी ठणठणीत. आणि डागाचा आकार! कुणी भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसावं तसा.

आत पाइप नाही ना, म्हणून हॉलमध्ये जाऊन तीच भिंत पलीकडून बघितली. काही नाही. परत आले तर डाग माझ्या उंचीचा झालेला. आणि दाराकडे सरकलेला, जिथे वनिता उभी होती.

कॅमेरा खाली केला. साधी लिंबू कलरची भिंत.

कॅमेराच बिघडला असणार. तपासायला वनितावर धरला. चेहरा बरोबर, उबदार नारिंगी. पण दोन्ही मनगटं निळी. आणि त्या निळ्यात बोटं मोजता येत होती... एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठा.

"हात बघू तुमचे," मी म्हटलं. कातडीवर साधा वळसुद्धा नव्हता. हात लावला तर बर्फ.

"कधीपासून आहे हे?"

तिने हात मागे घेतले. "दुपार झाली की होतं. तुम्ही भिंतीचं बघा."

तेवढ्यात धनाजी आरडाओरडा करत वरून खाली, थेट बेडरूममध्ये आला. दार उघडंच होतं. "माझ्या घरातनं थेंब पण येत नाय! कुठाय ओल? दाखव ना मला!"

मी बसलेल्या डागाचा पहिला फोटो उघडून स्क्रीन त्याच्यापुढे धरला. तो स्क्रीनवर वाकला. मग हळूच म्हणाला, "आत्या."

"कोण आत्या?"

"आमची आत्या. जुनं घर इथंच होतं. अशीच बसायची भिंतीला टेकून. बिल्डरची माणसं घर पाडायला आली तरी उठली नाय." मग वनिताकडे वळून ओरडला, "हिनं! हिनं दोन्ही हात धरून फरफटत बाहेर काढली तिला. भाड्याच्या खोलीत दोन महिन्यांत गेली ती."

"आणि अंगठा?" वनिता किंचाळली. "मूठ वळून बसलेली ती. तिची बोटं उघडून जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा कुणी दाबला, भाऊजी? बोला ना!"

मी फोटो बंद करून चालू कॅमेरा परत त्यांच्याकडे वळवला. स्क्रीनवर धनाजी नखशिखांत नारिंगी दिसत होता. फक्त उजव्या हाताचा अंगठा मुळापासून टोकापर्यंत निळा, कुणीतरी मुठीत घट्ट धरल्यासारखा. आणि त्याच्यामागच्या भिंतीवर आता काहीच नव्हतं.

मी सामान उचललं आणि निघाले. मागून वनिताच्या शिव्या जिन्यापर्यंत येत होत्या. मला, त्याला... सगळ्यांना.

पाण्याची गळती आढळली नाही, असा रिपोर्ट दिला. "विकली गेलीस तू," म्हणून वनिताने फोनवर सुनावलं. कॅमेरा कंपनीत तपासून घेतला, त्यात दोष नाही. फोटो लॅपटॉपवर आहेत. ओळखीच्या दोन इंजिनिअरना दाखवले, दोघांनी खांदे उडवले.

महिन्याभराने धनाजीचा फोन आला. आवाज ओळखूच येईना, इतका खाली.

"मॅडम, त्या दिवशी कॅमेरा माझ्यावर पण धरलेला ना? काय दिसलं?"

"काही नाही."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. का खोटं बोलले, मला माहीत नाही.

 "मग मला पेन का धरवत नाय? डॉक्टर बोलतात, हात ठीक आहे. आज बँकेत सगळ्यांसमोर डावा अंगठा लावून आलो."