नागपंचमी आणि बिडाचा तवा

नागपंचमीला आमच्या न्हाणीत जो नाग निघाला, तो बिडाचा होता आणि त्याला दांडा होता.

म्हणजे तो तवा होता. मी ऑनलाइन मागवलेला, जाड बुडाचा, उभ्या काठाचा. इंटरनेटवर त्याला स्किलेट म्हणतात. त्यात थालीपीठ होतं, पिठलं होतं, वांगं भाजतं, केकसुद्धा फुगतो, असं मी मेहकरात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. (केक फुगला नव्हता. मीच फुगलो होतो.)

लेक पल्लवी लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आली होती, सोबत जावईबापू. मानाच्या साडीवरून तिच्या सासूबाई लग्नापासून घुश्शात होत्या. "बाबा, आता काही वाकडं होऊ देऊ नका. मले तिथं नांदायचं हाय," पल्लवीनं बजावलं होतं. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

तरीही मायलेकी वारुळाच्या पूजेला निघाल्या आणि मी पिठाचा डबा काढला! जावईबापूंना थालीपीठ खिलवायचंच होतं.

बायको दारातूनच कडाडली, "आज तवा ठेवत नाईत, मालूम नाई काय?"

"हा तवा कुठं हाय? हे स्किलेट हाय!"

"नागोबाले इंग्रजी येते काय?"

मी मनावर घेतलं नाही. थालीपीठ एका बाजूनं लालसर झालं आणि अंगणातून आवाज आला, "व्याहीबुवा, आहेत का घरात?"

विहीणबाई! देऊळगाव राजाहून मेहकरला देवदर्शनाला आल्या, त्या थेट आमच्याकडे. पंचमीला ही बाई विळीकडे बघतसुद्धा नाही, आणि माझ्या हातात तापलेला तवा, थालीपिठासकट!

मी न्हाणीत पळालो आणि तवा पाण्याच्या ड्रमावर ठेवून दिला. ड्रमाचं झाकण प्लॅस्टिकचं आहे, हे काही मला सुचलं नाही. (बीड तापलं की लवकर निवत नाही, हा त्याचा मोठा गुण म्हणून मीच सगळ्यांना सांगायचो.)

"कसला हो खमंग वास सुटलाय?" विहीणबाईंनी आत येत विचारलं.

"नवीन उदबत्ती हाय!"

"बरं. पाय धुऊन येते मी."

"नका धुऊ! तुमचे पाय स्वच्छच हायेत!"

त्या न्हाणीच्या दारात पोचल्या आणि झाकणानं दम सोडला, तवा थेट पाण्यात. फुस्स्स्स! वाफेचा लोट छतापर्यंत!

"नाग! नाग निघाला हो!" विहीणबाईंनी उंबऱ्याशीच हात जोडले. "देव साक्षात दर्शन द्यायलेत!"

जावईबापू झोपेतून उठून पलंगावर उभे राहिले. मायलेकी परतल्या, तर त्यांच्या ताटातलं उरलेलं दूध आणि लाह्या विहीणबाईंनी न्हाणीच्या उंबऱ्यावर वाहून टाकल्या. शेजाऱ्यांनी सर्पमित्राला फोन लावला. गल्ली जमली. खरं बोलावं तर लेकीच्या सासरी ठिणगी, न बोलावं तर गावभर तमाशा. पल्लवीनं आधी चालू गॅसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. तिचं तोंड एवढंसं झालं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर्पमित्र आला. सगळ्यांना मागं सारून त्यानं काठीचा आकडा ड्रमात घातला. "लय जड हाय बे!" म्हणत अलगद वर काढला, तर तवा! थालीपीठ त्याला चिकटलेलंच होतं.

विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती होईना.

सर्पमित्रानं तवा उलटसुलट करून पाहिला. "भ्यायचं काम नाई, काकू. बिनविषारी हाय."

"थांबा!" बायको म्हणाली. "थालीपीठ यायनं केलेलं हाय. खाऊन पाह्यल्याबिगर कसं सांगता?"

विहीणबाई आधी खोकल्या. मग हसल्या. मग खालीच बसून डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या, लग्नापासून पहिल्यांदा! माझ्या जिवात जीव आला. मीही तिथंच लाह्यांवर बसलो.

"आई, तवा ठेवला म्हणून राग नाही ना आला?" पल्लवीनं सासूबाईंना भीत भीत विचारलं.

"राग कसला, पोरी? हे थालीपीठ माझ्या लेकराच्या पोटात जाणार होतं. नागोबानंच वाचवलं त्याला!"

असं म्हणून त्यांनी ड्रमाला मनोभावे नमस्कार केला. जावईबापूंनी तर पलंगावरून उतरून साष्टांग घातला.